मालकाच्या रकान्यात ‘कोणी नाही’

ओंदिना कारासानाने एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासला. ट्रकवाला छातीठोकपणे सांगायचा, "ऊस आज पहाटेच तोडलाय." ओंदिना काचेची नळी उजेडात धरायची आणि म्हणायची, "परवा." बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं. माणूस तोंडाने एक सांगतो आणि नळीत दुसरंच दिसतं, हे तिच्या अंगात इतकं मुरलं की कारखाना बंद पडून, त्याचं लोखंड भंगारात जाऊन सोळा वर्षं झाली तरी ती सवय काही सुटली नाही. अंडी घेताना ती एकेक अंडं कानाशी हलवून बघायची. पाहुणा "सहज आलो" म्हणाला की तिच्या कपाळाला आठी पडायची. क्रूसेस गावात लोक तिला मागून ‘नळी’ म्हणायचे, आणि कोणकोण म्हणतं तेही तिला ठाऊक होतं.

कॉफीची गोष्ट घ्या. रेशनच्या कॉफीत वाटाणे भाजून दळलेले असतात हे घरोघरी माहीत आहे; लोक नाक मुरडतात आणि पितात. ओंदिना मानिकाराग्वाच्या डोंगरातल्या एका ओळखीच्या माणसाकडून हिरव्या बिया मागवायची, घरी भाजायची, घरीच दळायची. "दळलेली घेतली की आत काय आहे ते दळणाऱ्यालाच ठाऊक," असं तिचं म्हणणं. संगणकाच्या बाबतीतही ती याच न्यायाने चालायची. प्रोग्रॅम तयार होऊन आलेले मिळतात, आणि सोर्स फाइलींच्या रूपातही मिळतात. म्हणजे कोणालाही वाचता येईल असा कच्चा माल आणायचा आणि आपल्याच मशीनवर त्याचा प्रोग्रॅम बनवून घ्यायचा. जुन्या मशीनला एकेका प्रोग्रॅमला दोन-दोन दिवस लागायचे, मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. मायदेलीन, तिची लेक, म्हणायची, "आई, सगळं जग तयार घेतं." ओंदिना म्हणायची, "जगाला खाऊ दे वाटाणे."

घरात तीन मशीनं होती, तिन्हींवर लिनक्स. तिचं स्वतःचं जेवणघरात. नवऱ्याचं, एवेलिओ मोंतेआगुदोचं, पुढच्या पडवीत. तिथे तो रेडिओ दुरुस्त करायचा. तिसरं मायदेलीन आणि जावई ओस्निएल यांच्या खोलीत. तिघांना जोडणारी केबल ओंदिनाने स्वतः छताखालून ओढली होती. इंटरनेट घरात नव्हतं. त्यासाठी गावच्या बागेत जाऊन बाकावर बसावं लागायचं. दर शनिवारी ती तिन्ही मशीनांकडून काय काय हवंय त्याची यादी काढून घ्यायची, लॅपटॉप पिशवीत घालून बागेत जायची आणि सोर्स फाइली उतरवून आणायची. मग त्या एकाच फोल्डरमध्ये ठेवायची. फोल्डर तिच्या मशीनवर, पण केबलमधून ते तिघांनाही खुलं. बाकीच्या दोन मशीनांवर अशा फाइलींसाठी वेगळी जागाच तिने ठेवली नव्हती. एकच फाइल तीन-तीनदा कशाला उतरवायची? त्या फोल्डरला ती कोठार म्हणायची आणि लॅपटॉप कपाटात कुलूप लावून ठेवायची.

दर रविवारी, चर्चमधली मिसा सुटण्याच्या वेळेला, ती कोठाराची मोजदाद करायची. मार्चमधल्या अशाच एका रविवारी तिला त्यात दोन परक्या फाइली दिसल्या.

तिने यादी काढली. शनिवारी बावीस फाइली आणल्या होत्या, बावीसच्या बावीस जागेवर होत्या. या दोन वरच्या. त्यांच्यापुढे मालकाच्या रकान्यात तिचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं: कोणी नाही.

याचं तिला आश्चर्य वाटलं नाही, कारण ती तिचीच करणी होती. केबलमधून येऊन कोणी आपल्या मशीनच्या घरधन्याच्या अधिकाराने कोठारात काही ठेवलं, तर त्याचा अधिकार मानायचा नाही, त्याचं नाव पुसून ‘कोणी नाही’ असं लिहायचं, असं तिनेच मशीनला बजावून ठेवलं होतं. विश्वास नको म्हणून केलेली ती सोय आता तिच्यावरच उलटली होती. माल आला, पण आणणाऱ्याचं नाव तिच्याच हुकमाने पुसलं गेलं होतं.

प्रत्येक सोर्स फाइलीचा अंगठ्याच्या ठशासारखा एक ठसा असतो. एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. ओंदिनाने दोन्हींचे ठसे बनवणाऱ्यांनी दिलेल्या ठशांशी ताडून पाहिले. जुळले. माल अस्सल होता. मग तिने फाइली उघडून आतली माहिती वाचली. एक प्रोग्रॅम अक्षरांचा आवाज करणारा. आणि दुसरा, तिने चष्मा पुसून परत वाचलं, ‘पडद्यावर जे जे दिसतं ते सगळं वाचून घेणारा’.

आपण काय लिहितो, कोणाला लिहितो, ते कोणीतरी वाचून घेतंय.

सोमवारी सकाळी तिने शिडी लावली आणि केबलवरून बोट फिरवत फिरवत सगळं घर पालथं घातलं, कुठे कापून जोडलेलं आहे का ते बघायला. शेजारची माणसं कुंपणावरून बघत होती.

"काय गं ओंदिना, झुरळं झाली का?"

"झाली आहेत," ती वरूनच म्हणाली. "दोन पायांची."

केबल धड होती. म्हणजे बाहेरचं कोणी नाही. मग घरातलं कोण? एवेलिओ तिच्या हिशेबातच नव्हता. तो संगणकाला ‘ते खोकं’ म्हणायचा, त्यावर पत्ते खेळायचा, आणि त्याच्या मशीनची सगळी कामं तीच करायची. दुपारी जेवताना तिने त्याला सगळं सांगितलं. तो भातातून काटा फिरवत राहिला.

"फाइलीच आहेत ना," तो म्हणाला. "काही खाऊन तर टाकत नाहीत."

"एवेलिओ, घरात हेर शिरलाय."

"आपल्या घरात हेराला काय मिळणार? माझे जळके ट्रान्झिस्टर?"

"तुला प्रत्येक गोष्टीत गंमत सुचते."

तो हसला नाही. पाण्याचा पेला शोधायला त्याने हात टेबलावरून सरकवत नेला, पेला सापडला, आणि तो पाणी प्यायला. ओंदिनाचं लक्ष जावयाच्या रिकाम्या खुर्चीकडे होतं.

ओस्निएल घरात येऊन चौदा महिने झाले होते. फोन दुरुस्त करायचा, लोकांच्या फोनमध्ये गाणी भरून द्यायचा, गळ्यात नेहमी हेडफोन. हसतमुख होता. ओंदिनाला हसतमुख माणसांचा आधीच धसका. त्यातून त्याने आल्या आल्या आपल्या खोलीतल्या मशीनचा पासवर्ड बदलला होता. "नवराबायकोचं खासगी काही असतं की नाही, सासूबाई," असं डोळा मिचकावून म्हणाला होता. तेव्हाच तिने ते मनात नोंदवून ठेवलं होतं.

तिने सापळा लावला. कोठार दोघांना वाचण्यापुरतं खुलं ठेवलं आणि लिहिणं बंद करून टाकलं. आता केबलमधून कोणालाही फाइल उचलता येईल, ठेवता येणार नाही. ज्याला ठेवायची असेल तो अडेल, आणि अडला की बोलेल.

बुधवारी ओस्निएल स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"सासूबाई, तुमचं कोठार रुसलंय का? फाइल ठेवू देत नाही."

ओंदिनाने हातातली सुरी खाली ठेवली. "कोणती फाइल?"

"गाणी मिसळायचा प्रोग्रॅम आहे. काल बागेत फोनवर उतरवला. म्हटलं आपल्याच मशीनवर बनवून बघावा, तुमच्यासारखा."

"आणि याआधी काय काय ठेवलंस?"

"काही नाही. हे पहिलंच."

"पहिलंच." ती हात पुसत त्याच्यासमोर आली. "आवाज करणारा कोणी आणला? पडद्यावरचं वाचून घेणारा कोणी आणला? माझी पत्रं वाचतोस? कोणाला नेऊन देतोस?"

ओस्निएलच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच थिजलं. "काय बोलताय तुम्ही?"

"मी एकतीस वर्षं खोटं बोलणारी माणसं बघितली आहेत. त्यांच्या तोंडावरून कळतं."

"मग तुमचे डोळे तपासून घ्या," ओस्निएल म्हणाला. आवाज चढला तशी मायदेलीन धावत आली, आणि एवेलिओही पडवीतून आत आला, हातात सोल्डरिंगची काडी तशीच. मायदेलीन म्हणाली, "आई, त्याची माफी माग." ओंदिना म्हणाली, "चोराची?" शब्द गेला तो गेला. एवेलिओने तोंड उघडलं, मिटलं, आणि तो परत पडवीत गेला.

त्याच संध्याकाळी दोघांनी मशीन चादरीत गुंडाळलं आणि ती रांचुएलोला ओस्निएलच्या आईकडे निघून गेली. मायदेलीनने जाताना आईच्या गालाला गाल लावला नाही. ओंदिनाने मागचं दार लावलं, आणि खरं सांगायचं तर तिला हलकं वाटलं. नळीत जे दिसायचं होतं ते दिसलं होतं. तिने कोठार परत सगळ्याला खुलं केलं; आता घरात होतंच कोण?

सोमवारी कोठारात एक नवी फाइल होती. स्पॅनिश उच्चारांची. मालक: कोणी नाही.

केबलला आता दोनच मशीनं. एक ते, ज्याच्यासमोर ती बसली होती. दुसरं पडवीत.

चौतीस वर्षांच्या संसारात तिने एवेलिओच्या खिशात कधी हात घातला नव्हता, त्याची तिला कधी गरजच पडली नव्हती. आता एकेक गोष्ट वर यायला लागली. छोटे रेडिओ तो घेईनासा झाला होता. "त्यात राम नाही," म्हणायचा, फक्त मोठी जुनी खोकी घ्यायचा. वर्तमानपत्र तिच्याकडे सरकवायचा, "तूच वाच, तुझा आवाज चांगला आहे." चौतीस वर्षांत हे त्याला आताच कसं सुचलं? माणूस बायकोचं कौतुक कधी करतो, हे ती पुरतं ओळखून होती. आणि दर गुरुवारी डोमिनो खेळायला जायचा, पण सदऱ्याला डोमिनोच्या अड्ड्यावरचा सिगारचा वास कधी नसायचा.

तिने त्याला काही विचारलं नाही. गुरुवारी तीन वाजता तो निघाला तशी तीही छत्री घेऊन निघाली. ऊन रणरणत होतं. तो भिंतीच्या कडेकडेने चालला होता, एक हात भिंतीला जवळजवळ लावून. बघा कसा चोरासारखा सावलीसावलीने चाललाय, ती मनात म्हणाली. बाजाराच्या मागे वळला, रेल्वेफाटक ओलांडताना थांबला, पुन्हा थांबला, मग एका निळ्या दारावर त्याने टकटक केली. दार एका चाळिशीच्या बाईने उघडलं. पिवळा झगा, केस ओले. तिने एवेलिओचा हात धरला आणि त्याला आत घेतलं.

ओंदिना समोरच्या न्हाव्याच्या दुकानापाशी उभी होती. न्हावी म्हणाला, "आजी, बसा ना आत." तिला ऐकूच आलं नाही. तिला वाटलं, परत फिरावं. कळलं नाही तर ते खरं नसेल, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. पण पाय त्या दाराकडे गेले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून एक पुरुषाचा आवाज येत होता, घोगरा, घाईघाईचा, सर्दी झालेला माणूस पाढे म्हणतो तसा: "फोल्डर. सहा फाइली. पहिली फाइल."

एवेलिओ एका मशीनसमोर डोळे मिटून बसला होता. बोटं चाचपडत एकेक कळ दाबत होती, आणि प्रत्येक कळीला तो घोगरा आवाज काहीतरी सांगत होता. डोलखुर्चीत काळा चष्मा घातलेला एक म्हातारा होता. फुल्हेन्सिओ, पूर्वी टेलिफोन कचेरीत कॉल जोडून द्यायचा तो, जन्मापासून आंधळा. गावात त्याला सगळे ओळखत. पिवळ्या झग्यातली बाई त्याची भाची ईविस, ती कपडे वाळत घालायला अंगणात निघून गेली होती.

फुल्हेन्सिओने मान वळवली. "दारात कोणीतरी आहे. बाईमाणूस. छत्री टेकून उभी आहे."

एवेलिओने डोळे उघडलेसुद्धा नाहीत. "माझी बायको असेल. इतका वेळ न बोलता दुसरं कोणी उभं राहत नाही."

"या वहिनी," फुल्हेन्सिओ म्हणाला. "बसा. तुमचा नवरा ढ आहे, पण चिकाटीचा आहे."

ओंदिना बसली नाही. "किती दिसतं?" तिने विचारलं.

"उजव्याने काही नाही. डाव्याने नळकांड्यातून बघावं तसं. मधलं दिसतं, बाजूचं नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

"आणि मला?"

एवेलिओने आता तिच्याकडे तोंड फिरवलं. थोडं डावीकडे फिरवलं, मग तिला शोधून सरळ केलं. "तुला सांगितलं असतं तर तू रोज सकाळी माझ्यापुढे बोटं धरून बसली असतीस. ही किती? आणि आता किती? मला उसाचा रस व्हायचं नव्हतं, ओंदि."

असं मी कधीच केलं नसतं, असं ती म्हणणार होती. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिचा उजवा हात अर्धा वर आला आहे आणि त्याची दोन बोटं उघडी आहेत. तिने ती मिटली आणि हात छत्रीच्या मुठीवर ठेवला.

"या आवाजाच्या फाइली ईविस उतरवून द्यायची, पेनड्राइव्हवर," एवेलिओ सांगत राहिला. "माझ्या मशीनला ठेवायला दुसरी जागाच नाही. सगळं तुझ्याच कोठारात जातं. म्हटलं, बावीस-पंचवीस फाइलींत दोन कोण मोजणार."

"मी मोजते."

"तेच विसरलो."

फुल्हेन्सिओ मोठ्याने हसला. ओंदिनाला हसू आलं नाही. उलट आता कुठे ती खरी पेटली. "आणि ओस्निएल? मी त्याला चोर म्हणाले तेव्हा तू तिथे होतास. सोल्डरिंगची काडी हातात घेऊन उभा होतास. एक शब्द बोलला नाहीस."

एवेलिओ म्हणाला, "तोंडापर्यंत आलं होतं. बोललो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं. वाटलं, तू दोन दिवसांत निवळशील." त्याने मान खाली घातली. "वाईट झालं ते माझ्या हातून."

"आपल्या दोघांच्या," ओंदिना म्हणाली, आणि मग ती बसली. ईविसने तिला पाणी आणून दिलं. तिने ते वास न घेता पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी दोघं ट्रकमध्ये उभ्याने रांचुएलोला गेली. ओंदिनाने नवऱ्याचा दंड धरला होता. गाडी आचका देऊन थांबली की त्याला आधार द्यायला, पण धरण्याची सवय नसल्याने ती कधी फार घट्ट धरायची, कधी सोडूनच द्यायची. ओस्निएलच्या आईने त्यांना अंगणात बसवलं, पेरूचा मुरांबा आणि चीज पुढे ठेवलं. एवेलिओने डोळ्यांचं सगळं सांगितलं. मायदेलीन ऐकता ऐकता बापाच्या गळ्यात पडून रडायला लागली. ओंदिना जावयाला म्हणाली, "माझं चुकलं."

ओस्निएलने गळ्यातले हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "चुकलं ते ठीक आहे, सासूबाई. माणूस चुकतो. पण त्या दिवशी मला चोर म्हणताना तुम्हाला वाईट वाटलं नाही. तुम्हाला बरं वाटलं, कोणीतरी सापडला म्हणून. ते मी बघितलं."

ती म्हणाली, "खरं आहे," आणि ताटातला मुरांब्याचा तुकडा चमच्याने इकडून तिकडे करत राहिली.

दोघं परत राहायला आली नाहीत. महिन्यातून एका रविवारी जेवायला यायची. ओस्निएल येताना डिस्क आणायचा आणि कोठारातल्या हव्या त्या फाइली भरून न्यायचा. ओंदिनाशी तो बोलायचा, हसायचा, पण तिला डोळा मिचकावून काही सांगणं त्याने सोडून दिलं होतं. त्याची कमी तिला जाणवायची. तसं ती कोणाला बोलली नाही.

एवेलिओच्या डोळ्यातला दाब वाढलेला होता. सांता क्लाराच्या डॉक्टरने डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया केली आणि सांगितलं, गेलेलं येणार नाही, उरलेलं टिकवू. घरी आल्यावर ओंदिनाने तो बोलणारा प्रोग्रॅम त्याच्या मशीनवर आणि स्वतःच्याही मशीनवर बनवून घेतला, सगळ्या सोर्स फाइली पहिल्या ओळीपासून वाचून. त्यात तीन आठवडे गेले. आता दुपारी पडवीतून तो घोगरा आवाज शनिवारी उतरवून आणलेल्या बातम्या वाचायचा, आणि ओंदिना एवेलिओच्या खांद्यामागे उभी राहून पडद्यावर बोट फिरवत प्रत्येक शब्द ताडून बघायची.

"गाळलं याने," ती म्हणायची. "‘कथित’ हा शब्द गाळला. मुद्दाम गाळला."

"घाईत असेल बिचारा," एवेलिओ म्हणायचा.

छोटी कामं त्याने परत सुरू केली, तिच्या डोळ्यांनी. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे ती भिंगातून वाचून सांगायची आणि तो हाताने जागा चाचपून डाग द्यायचा. एकदा पोस्टमनचा रेडिओ उघडला होता.

"तपकिरी, काळा, लाल," ती म्हणाली.

"लाल की केशरी?"

"लाल."

"नक्की? उजेडात धरून बघ जरा."

ओंदिनाने भिंग टेबलावर आदळलं. "माझ्यावर संशय घेतोस? मी एकतीस वर्षं..."

"बघ तर खरं," तो शांतपणे म्हणाला.

ती पुटपुटत पडवीच्या कठड्यापाशी गेली, रेझिस्टर उन्हात धरला, बराच वेळ धरला. मग ती परत येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "केशरी आहे. दे इकडे, बाकीचेही एकदा बघते."